गुलाबाच्या पानाची चकती

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांनी अंडी घालावीत म्हणून बांबूच्या नळ्या मी कापल्या, आतून काचकागदानं घासल्या, वर सागाचं छप्पर ठोकलं. कुणी शिकवलं नाही. गच्चीवरच्या त्या माश्यांच्या घरापुढे आज मात्र मीच अडलो.

पानं कापणारी आपली मधमाशी आली, पोटाखाली पिवळे पराग. आत अंडं घालून, सुनंदाच्या गुलाबाच्या पानाची गोल चकती लावून तिनं नळी बंद केली. ती उडाली आणि बारीक कमरेची गांधीलमाशी आली. मागे केसासारखी सुई, टोक पांढरं. चकतीतून सुई आत, अंडं आत. हिचं पिल्लू माशीच्या पिल्लाला खाणार. मी चप्पल उचलली.

"थांबा हो," सुनंदा म्हणाली. "माझ्या गुलाबाची चाळणी झाली तेव्हा माशीची बाजू घेतलीत. हिची कोण घेणार? तीही लेकरासाठीच आलीये ना?"

चप्पल खाली ठेवली. त्या चकतीआड आता कुणाचं लेकरू वाढतंय, हे बाहेरून मलासुद्धा सांगता येत नाही.

हे घर विकत मागणाऱ्या ओझरच्या नर्सरीवाल्याचा फोन आला, त्याला गांधीलमाशीचं सांगितलं. "काका, गांधीलमाशीच्या नळ्या तेवढ्या काढा, घर लगेच नेतो." म्हणजे प्रत्येक चकती फोडून बघायची. नाही म्हणालो. आठ हजार देत होता.