खाचेतली हळद

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुमच्याशी वाद घालण्याचा माझा हक्क आता मुदतबाह्य झाला, असे कोणीही म्हणेल. मी तसे मानत नाही. साताऱ्याच्या महाविद्यालयात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले आणि दरवर्षी पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगितली: विधान कोणी केले, यावरून ते खरे की खोटे हे ठरत नाही. तुम्ही एक विधान केले होते. सत्तरच्या दशकातल्या एका दसऱ्यानंतर खाणीत एक माणूस गेला, तेव्हा ‘माझ्या क्लिपमुळं गेला’ असे तुम्ही कारखान्याच्या मालकांना सांगितलेत, खाणीच्या लोकांना सांगितलेत आणि त्या माणसाच्या बायकोलाही सांगितलेत. ते विधान खोटे होते. ते खोटे आहे हे तुम्हाला ठाऊक होते, मलाही होते, आणि आपण दोघे त्यानंतर वर्षानुवर्षे एकाच पंगतीला बसून जेवलो.

आधी क्लिपविषयी बोलते, कारण तिची बाजू कोणीच मांडली नाही. सांगलीच्या ज्या कारखान्यात तुम्ही मिस्त्री होता, तिथे विदर्भातल्या कोळशाच्या खाणींसाठी दात बनत. कोळसा कापणाऱ्या यंत्राला एक जाडजूड साखळी असते. तिच्यावर ओळीने पोलादी दात बसवलेले असतात, आणि साखळी फिरू लागली की ते कोळशाच्या थराला तळातून चिरत जातात. दात झिजतात, म्हणून ते बदलता आले पाहिजेत. पूर्वी प्रत्येक दात त्याच्या घरात, म्हणजे साखळीवरच्या खोबणीत, स्क्रूने आवळलेला असे. तो स्क्रू एक तर हादऱ्यांनी ढिला होई, नाहीतर कोळशाच्या भुकटीने असा गच्च बसे की घणाचे घाव घालावे लागत. या पेचावर तुम्ही स्वयंपाकघरात विचार करीत असा. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून तिच्या परातीतल्या पिठात बोटाने आकृती काढता आहात आणि स्वतःशीच म्हणता आहात, “सुटायचं न्हाई तवा सुटू नये, आन काढायचा तवा रुसू नये. येवढंच पायजे.” आई तवा न सोडता म्हणते, “आवं, असला जावई सुदिक मिळत न्हाई, लोखंड कुठनं मिळंल? आन त्यो हात काढा आधी पिठातनं.”

ते लोखंड तुम्हाला मिळाले. दाताच्या दांड्याला तुम्ही एक अरुंद खाच दिलीत आणि घरात वाकवलेल्या पोलादी पट्टीची क्लिप बसवलीत. दांडा आत ढकलला की क्लिप खाचेत शिरे आणि टक असा आवाज होई. काढायचा तर एक आकडी घालून क्लिप उचलली की दात हातात. त्या क्लिपवर तुमच्याइतकाच जीव लावला तो तुमच्या फिटरने. तो उंब्रजचा, फौजेतून परतलेला, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणत. बसवलेला प्रत्येक दात तो दोन्ही हातांनी हिसडून पाही. पहिल्यांदा हिसडला तेव्हा पाय टेकवून मागे रेलला, तरी दात हलला नाही. “मिस्त्री,” तो म्हणाला, “ही क्लिप न्हाई, माझी बायकू हाय. धरलं की सोडत न्हाई गड्या!” तुम्ही हसलात. तुम्ही कारखान्यात हसत नसा, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिले.

आता खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रे बंद ठेवून हत्यारांची पूजा होई आणि ती मिस्त्रीच्या बायकोने करायची, असा त्या कारखान्याचा प्रघात होता. आई औंधची, यमाईच्या डोंगराखाली वाढलेली. इतर घरांत हत्यारावर कुंकवाचे बोट टेकवतात. तिच्या माहेरची रीत निराळी होती: जे कापते त्याला धारेपासून मुठीपर्यंत हळद माखायची, कुठेही कोरडे ठेवायचे नाही. खाणीला जायचे नवे दात फळ्यांवर ओळीने मांडलेले आहेत. दसरा झाला की फौजी ते घेऊन जाणार आणि स्वतः यंत्रावर बसवणार. आई तेलात कालवलेली घट्ट हळद एकेका दाताला लावते आहे. टोकाला, अंगाला, दांड्याला. फौजी शेजारी उभा राहून म्हणतो, “वैनी, आवं माझ्या लग्नात बी मला येवढी हळद लागली न्हवती!” “लागली असती तर जरा मानसात आला असता,” आई म्हणते. सगळे हसतात. “पर दांड्याला कशाला?” फौजी विचारतो, “त्यो घरात जातोय. कुणाला दिसतोय?” आई मान वर न करता उत्तर देते, “देवीला दिसतोय. अर्धं पुजल्यालं हत्यार धन्यावर उलटतं.” तुम्ही पाठीशी हात बांधून उभे आहात. तुम्ही अडवले नाही. अडवण्यासारखे त्यात काय होते? दसऱ्यानंतर दात चिंध्यांनी पुसून खोक्यांत भरले. पण चिंधी अंगावरून फिरते, अरुंद खाचेच्या तळाशी ती पोहोचत नाही. आणि तेलातली हळद वाळली म्हणजे रोगणासारखी कडक होते.

दिवाळीच्या आधी तार आली. यंत्र चालू असताना साखळीवरचा एक दात निसटला आणि बाजूला उभ्या असलेल्या फौजीच्या छातीत बसला. खाणीच्या लोकांनी तो दात आणि त्याच्या घरातली क्लिप तुमचे मत मागवण्यासाठी पाठवली. मी सुटीला सांगलीत आले होते आणि तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले होते. मी दारातून आत येऊन तुमच्या मागे उभी आहे, तुम्ही पाठमोरे. तो दात तुम्ही उजेडाकडे धरता, खाचेत अंगठ्याचे नख घालून तळापर्यंत खरवडता आणि नख डोळ्यांसमोर आणता. वर काळे आहे. काळ्याच्या खाली पिवळे आहे. मग तुम्ही ते नख नाकाशी नेता. सांगलीत जन्म काढलेल्या माणसाला त्या वासासाठी दुसऱ्यांदा श्वास घ्यावा लागत नाही. क्लिप खाचेत शिरली होती, पण अर्धीच. तेवढी ती फौजीच्या हिसक्याला पुरली, यंत्राच्या हादऱ्यांना पुरली नाही. मग तुम्ही तो दात रॉकेलच्या डब्यात टाकून ब्रशाने घासू लागलात. मागे वळून माझ्या हातून डबा घेतलात तेव्हा तुमचा चेहरा नेहमीचाच होता. मी काय पाहिले हे तुम्ही विचारले नाही.

मालक दुसऱ्या दिवशी घरी आले. त्यांना क्लिप वाचवायची होती आणि उपाय सोपा होता. “मिस्त्री, फिटरनं नीट बसवला न्हाई, असं कळवून टाकू. मेलेल्या मानसाला काय फरक पडतोय?” तुम्ही म्हणालात, “त्येच्या पोरास्नी पडतोय.” मालक चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी जेवताना मी माझा युक्तिवाद मांडला. नुकतीच शिकवू लागले होते, आणि विचार एकदा मार्गी लागला की तो कोणाच्या दारात जाऊन थांबणार आहे, हे पाहण्याची सवय अजून लागली नव्हती. मी म्हणाले, क्लिप धड आहे, तिचा ताण गेलेला नाही, म्हणजे दोष क्लिपचा नव्हे. फौजी प्रत्येक दात हिसडून पाहत असे, म्हणजे दोष बसवण्याचा नव्हे. दोन्ही नसेल तर दांडा आणि क्लिप यांच्या मध्ये काहीतरी असलेच पाहिजे. खाचेत— आई आमटी वाढत होती. तिची पळी माझ्या ताटावर थांबली. तुम्ही म्हणालात, “गप.” आयुष्यात तुम्ही मला उद्देशून तो शब्द पहिल्यांदाच उच्चारलात. मग शांतपणे: “तर्क कालिजात शिकव. हितं जेव. क्लिप वाईट हाय. मी केलीया, मला ठावं.” पळी रिकामी झाली.

मी तेव्हा गप्प बसले, पण पटले म्हणून नव्हे. दोष ठेवायला तुमच्यापुढे तिघे होते: फौजी, आई आणि क्लिप. तिघांपैकी जिला रडू येत नव्हते तिच्यावर तुम्ही तो ठेवलात. हे मला समजते. परंतु त्यात एक हिशेब राहून गेला, आणि तो मी तुम्हाला सोडून देणार नाही. कारण लपवले म्हणजे ते नाहीसे होत नाही. आपल्या कारखान्याने क्लिप सोडून पुन्हा स्क्रू धरला, तुम्ही निवृत्तीपर्यंत तेच जुने स्क्रू आखलेत. पण तशाच क्लिपा पुढे इतरांनीही केल्या आणि त्या यंत्रांवर सर्रास दिसू लागल्या. म्हणजे तुमची रचना बरोबर होती, आणि ती वाईट असल्याचे तुमच्या तोंडून ऐकून कोणी खाच स्वच्छ करायला शिकले नाही. दर खंडेनवमीला कुठल्यातरी कारखान्यात कुठलीतरी बाई भक्तिभावाने बोट खाचेत घालत असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे येते. मी भुते मानत नाही. हे दृश्य मात्र बोलावल्याशिवाय येते आणि सांगितल्याने जात नाही.

तुमच्याकडेही काही येत असावे. त्या वर्षापासून तुम्ही हाताला लागेल ते दोनदा ओढून पाहू लागलात. डब्याचे झाकण, दाराची कडी, शर्टाचे बटण. नात मांडीवर बसली तर तिच्या कानातले डूल. ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे, अगदी फौजीसारखे. आई ते पाही आणि दुसरीकडे बघे. ती किती जाणते, हा प्रश्न मी वर्षभर उघडा ठेवला होता. पुढच्या खंडेनवमीला त्याचे उत्तर मिळाले. कारखान्यात पूजेला गेली तेव्हा तिने फळीवरच्या दातांना हळद लावलीच नाही. प्रत्येकावर झेंडूची एकेक पाकळी ठेवली, बोटही टेकू दिले नाही, आणि हात पदराखाली घेतला. तिला कोणी काही सांगितले नव्हते. रीत मोडल्याबद्दल कोणी विचारलेही नाही. तुम्ही तिच्या हाताकडे पाहत होता, मी तुमच्याकडे. ज्या घरात तिघांनाही एक गोष्ट ठाऊक असते आणि तिघेही ती उरलेल्या दोघांपासून राखतात, त्या घरात आवाज कमी होत जातो. आई गेली तोवर आपल्या घरात भांडीसुद्धा हळू ठेवली जात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या वर्षी साताऱ्याहून सांगलीला जाताना मी उंब्रजला उतरले. फौजीची बायको आहे अजून. ऐंशीच्या पुढे गेली आहे, नजर अधू झाली आहे, आवाज मात्र खणखणीत. “कोन गं तू?” मी सांगितले. “मिस्त्रीची पोरगी व्हय? बस. तुझा बाप बसला न्हवता. हितंच, उंबऱ्याभाईर हुबा ऱ्हायला. म्हनला, वैनी, तुमच्या धन्याची चूक न्हवती, माझी क्लिप फसली. मी लय शिव्या दिल्या त्याला. सात पिढ्या काढल्या. हललाच न्हाई बाबा, पावसात बैल हुबा ऱ्हावा तसा.” मी विचारले, अजून राग आहे का. “हाय की! का नसावा? पर माझी दोनी पोरं फौजेत गेली ती ताठ मानंनं. त्यांचा बाप कामचुकार हुता, असं म्हनायला कुनाचं तोंड उघडलं न्हाई.” मग तिने हात पुढे करून माझे मनगट चाचपले आणि धरले. “तू शिकल्याली हायस. तुला खरं ठावं आसंल. क्लिपच फसली हुती न्हवं?”

माझा युक्तिवाद तयार होता. साताऱ्यापासून मी तो मनात क्रमाने लावत आले होते: खाच, नख, रॉकेल, आईची पळी. फौजीचे नाव त्यात तसेच स्वच्छ राहत होते, तुमचे होत होते, आणि जिचे जाणार होते त्या आईला जाऊनही वर्षे लोटली होती. तो ऐकण्याचा पूर्ण अधिकार असलेली एकच व्यक्ती जगात उरली आहे आणि ती मला विचारते आहे. निष्कर्ष कोणाला दुखवतो याचा निष्कर्षाशी संबंध नसतो, हे मी आजही तितकेच खरे मानते.

“व्हय, मावशी,” मी म्हणाले. “क्लिपच फसली.”

तिने मान हलवली, मनगट सोडले आणि आत चहाला सांगितले.

हे पत्र कोठेही धाडायचे नाही आणि घरातही कोणाला दाखवायचे नाही. तुमचे चुकले, हे माझे मत त्या एका उत्तरामुळे बदललेले नाही. वरचा एकही मुद्दा मी मागे घेत नाही. फक्त एवढेच की त्या ओसरीवर खोटे बोलून झाल्यावर मला वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. मी चहाचा कप हातात घेऊन त्याची वाट पाहिली. वाटले नाही, आबा. बरे वाटले.