चेहरा भरून येताना

१९ ऑक्टोबर

आले बाई एकदाची शहरात! हर्सूलला साळूमावशीच्या घरी माडीवरची खोली मिळाली आहे. खोलीला दोन खिडक्या. एकीतून तलावाचा बोटभर तुकडा दिसतो, दुसरीतून जेलची भिंत. मावशी म्हणाली, कुठं तोंड करून बसायचं ते आपल्या हातात असतं. मी टेबल तलावाकडं लावलं.

दादा फर्दापूरहून सामान घेऊन सोबत आले होते. लेणी बघायला येणाऱ्यांना जेवू घालण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे मेव्हणीच्या आमटीतही त्यांनी न विचारता मीठ टाकलं आणि तिची बोलणी खाल्ली. उद्यापासून माझी चितेगावची नोकरी सुरू. औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये. बस कोपऱ्यावरच येते.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे इथं कुणाला माझा चेहरा पाठ नाही. शाळेत असताना मुरुमं आली आणि गेली ती गालभर खड्डे ठेवून. फर्दापूरला माणसं बोलतात माझ्याशी आणि बघतात गालाकडं. हळद लाव, मुलतानी माती लाव, तुरटी फिरव. बघायला आलेल्या एका पाहुण्यानं तर बशीतला चहा फुरकत विचारलं होतं, पोरीला देवी आल्या होत्या का म्हणून. तो चहा त्याच्या डोक्यावर ओतायला हवा होता. जाऊ दे. आज रागवायचं नाही असं ठरवलंय.

२ नोव्हेंबर

ठरवून उपयोग काय! आज स्थळ आलं. मुलगा विश्वजीत, बिजवर. पहिली बायको सोनिया दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून पडली आणि गेली. सिडकोत स्वतःचं घर, गावाकडं बागायत. माझ्या गालांमुळे आता बिजवरच येणार हे दादांनी मनाशी धरलेलंच आहे. मला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

त्याची आई सारजाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडं फिरवलं, बाजारात वांगं फिरवून बघतात तसं. म्हणाल्या, "पोरगी लई गुणाची हाय. पर गालाचं तेवढं करून घ्या लग्नाच्या आधी." त्यांची भाची त्वचेची डॉक्टर आहे. हल्ली बारीक सुया टोचून खड्डे भरतात म्हणे. दादांनी लगेच मान डोलावली, जणू मी छपराचा गळका पत्रा आहे.

मी नाही म्हणणार होते. तोंडावर आलंच होतं. पण विश्वजीत माझ्या डोळ्यांत बघून बोलला. गालाकडं नाही, डोळ्यांत. आजवर असं कुणी केलं नव्हतं. तेवढ्यावर मी हो म्हणाले. स्वतःचाच राग येतोय.

१६ नोव्हेंबर

पहिली सुई झाली. आधी बधिर करायचं मलम फासून बसवलं. मग डॉक्टरीणबाईंनी पेनासारखं एक यंत्र गालावरून फिरवलं. त्याच्या टोकाला केसाएवढ्या सुया असतात आणि ते मधमाशीसारखं गुणगुणतं. गालाचं फार नाही वाटलं, नाकाजवळ मात्र डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी नीट समजावलं. सुयांनी बारीक जखमा होतात, अंग त्या जखमा नव्या मांसानं भरून काढतं, तसे खड्डे वर येतात. काही तास छिद्रं उघडी असतात आणि जे लावाल ते आत जातं. म्हणून घरी गेल्यावर पावडरसुद्धा लावायची नाही.

शेवटी डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि गालांवर, कपाळावर काहीतरी गार, चपटं दाबत नेलं. जळजळ एकदम थांबली. सारजाबाई शेवटपर्यंत उशाशी बसून होत्या. मावशी म्हणाली, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. चेहरा बिटासारखा लाल झालाय, पण हसू येतंय.

१८ डिसेंबर

दुसरी सुई होऊन चार दिवस झाले. खड्डे खरंच भरून येतायत. हात फिरवला की कातडी सरळ लागते. मी आरशासमोर बसून रडले, आनंदानं.

आणि मग संताप आला. कंपनीत जी माणसं माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसायची ती आता डबा घेऊन येतात. बसमध्ये जागा धरतात. परवा साहेबांनी माझं काम फार स्वच्छ असतं म्हणून सांगितलं. काम पहिल्या दिवसापासून तेच आहे साहेब, गाल तेवढे बदलले. हे तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितेय.

५ जानेवारी

कंपनीच्या दारावर तोंड दाखवून हजेरी लावायचं यंत्र आहे. आज त्यानं मला ओळखलं नाही. चष्मा काढला, केस मागं घेतले, तरी नाही. शेवटी ऑफिसात नव्यानं फोटो काढून घेतला. सगळे हसले, म्हणाले, मोनाली मॅडम यंत्रालाही ओळखू येईनात एवढ्या देखण्या झाल्या.

मी पण हसले. पण घरी येऊन नीट बघितलं. डाव्या गालाला खळी पडते. मला कधीच खळी नव्हती. हनुवटी निमुळती झाली आहे. खड्डे भरायला दिले होते, हनुवटी नव्हती दिली. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, सूज उतरली की असं वाटतं. घाईघाईनं ठेवलाही.

१५ जानेवारी

तिळगूळ द्यायला विश्वजीतच्या घरी गेले होते. दिवाणखान्यात एका भिंतीवर रिकामा खिळा आणि भोवती उजळ चौकोन. शेजारच्या एक बाई वाण घेऊन आल्या. मला बघितलं आणि त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. "अगं माय! सोनी?" एवढंच बोलल्या आणि दारातूनच परत फिरल्या.

मी मागं धावले. जिन्यात गाठून विचारलं. त्यांनी मोबाईलमधला एक फोटो दाखवला. कुणाच्या तरी बारशातला, हिरव्या साडीतला. ती सोनिया होती. डाव्या गालाला खळी, हनुवटी निमुळती. मी आज सकाळी आरशासमोर हाच चेहरा धुतला होता.

१६ जानेवारी

सुट्टी टाकून थेट दवाखान्यात गेले आणि आवाज चढवला. बाहेर बसलेल्या बायका ऐकतात म्हटल्यावर डॉक्टरीणबाई नरमल्या. सांगितलं त्यांनी.

ते गार, चपटं जे होतं ते त्यांचं नव्हतंच. तो सोनियाचा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली मेलेल्या बायकोची आकृती. बिजवराची दुसरी बायको ती गळ्यात घालते, पहिलीनं तिला छळू नये म्हणून. नवी साडी, नवा चुडा आधी त्या टाकाला दाखवायचा, मग आपण ल्यायचा. आमच्या आजीच्या गळ्यातही असा होता. सारजाबाईंना वाटलं, लॅबमध्ये जाणारी शिकलेली पोरगी कसला गळ्यात घालतेय! म्हणून सुया टोचून झाल्या की त्या माझ्या उघड्या गालांवर टाक दाबत होत्या. आणि ही डॉक्टर! म्हणते, म्हाताऱ्या माणसांची समजूत काढायला एवढं चालतं, चांदी तशी निर्जंतुकच केली होती.

निर्जंतुक! तिच्याच टेबलावरचा तो कापसाचा ट्रे मी जमिनीवर उलथा केला. मला विचारलं असतं तर घातला असता गळ्यात. गळ्यातलं निदान काढून तरी ठेवता येतं.

१७ जानेवारी

सारजाबाईंना फोन केला. मी ओरडत होते, त्या रडत होत्या. "माझ्या मनात वाईट नव्हतं गं बाय. ती शांत व्हावी, तुला लागू नये, एवढंच." मी विचारलं, ती अशी काय अशांत होती की तुम्हाला एवढी भीती वाटते? त्यांनी फोन ठेवला.

दादांना लग्न मोडा म्हणून सांगितलं. त्यांनी व्हिडिओवर चेहरा बघितला आणि म्हणाले, चांगला तर झालाय. पत्रिका वाटून झाल्यात.

चांगला झालाय! कुणाचा झालाय ते नाही बघितलं त्यांनी.

२९ जानेवारी

तिसरी सुई घेतलेली नाही. घेणारही नाही. तरी थांबलं नाही.

सकाळी उजव्या भुवईत खाच दिसली. जुनी, भरून आलेली जखम असते तशी. तिथले केस उगवत नाहीत. मला तिथं कधीच काही लागलं नव्हतं. जिन्यातल्या बाईंच्या फोटोतही ती खाच नव्हती. तो सोनिया नवी नवरी असतानाचा, असं त्या म्हणाल्या होत्या.

म्हणजे हे फोटोच्या नंतरचं आहे.

३ फेब्रुवारी

खालचा ओठ आतून फाटलाय. चहा झोंबतो. मावशीनं विचारलं, कशाला धडकलीस? कशाला नाही मावशी, झोपेतून उठले तर असा.

दोन्ही वेळा येताना दुखलं नाही. फक्त उमटलं. ओळीनं येतंय सगळं, जसं तिला मिळालं तसं.

८ फेब्रुवारी

डाव्या डोळ्याखाली निळं. कंपनीतल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं, हळूच विचारलं, होणारा नवरा हात उचलतो का? मी हसले. ओठ पुन्हा फाटला.

न्हाणीघरात माणूस एकदा घसरतं. पुन्हा पुन्हा कोण घसरतं? भुवई, ओठ, डोळा. त्या घरात सगळ्यांनी बघितलं असणार हे तोंड. शेजारणीनं, सासूनं, त्या डॉक्टरनंही. डॉक्टरनं तर मलमही दिलं असेल. आणि सगळे मिळून घसरली म्हणाले.

इतका राग मला माझ्यासाठी कधी आला नव्हता. हा राग एकटीचा नाही. आम्हा दोघींचा आहे.

११ फेब्रुवारी

विश्वजीतला बोलावून घेतलं. भर दुपारी, मावशी घरात असताना. तो जिना चढून आला आणि मी ओढणी बाजूला केली.

मला बघणारं प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारतं, काय झालं? कंपनीतला वॉचमनसुद्धा. ह्यानं विचारलं नाही. पांढरा पडला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, "ह्या बारीला मी काय नाय केलं."

ह्या बारीला!

मावशीनंही ऐकलं. तिनं हातातलं लाटणं उगारलं तेव्हा तो पळाला. आणि ह्याच माणसानं माझ्या डोळ्यांत बघितलं म्हणून मी हो म्हणाले होते.

१२ फेब्रुवारी

दादा आले. डोळा बघून रडले, मग म्हणाले, सोनियाला जाऊन दोन वर्षं झाली, आता पुरावा कुठाय?

हा काय! हा! तिला जाळून मोकळे झाले सगळे, पण चेहरा इथं आहे माझ्या मानेवर. करा पंचनामा. एक एक खूण मोजून घ्या —

दादा म्हणाले, उद्या बघू. उद्या नाही. ह्या खुणांच्या ओळीत एकच उरली आहे, शेवटची. जिनं ती गेली ती. ती कुठं उमटेल मला ठाऊक नाही. उमटल्यावर मी —

१३ फेब्रुवारी, सकाळ

मावशी रिक्षा आणायला गेली आहे. पोलीस ठाण्यात जायचंय. मी तयार आहे. तोंड झाकणार नाही. सगळा रस्ता बघू दे.

आवाज बसलाय. गिळता येत नाही —

आरशात बघितलं. गळ्यावर लाल. आधी एक, मग शेजारी दुसरं. बोटं आहेत ती. खोलीत कुणी नाही, दार उघडंय, ऊन आलंय आत. तरी दाबली जातायत —

भीती वाटत नाही. खोटं. वाटते. पण राग जास्त आहे. तिला लिहायला वेळ मिळाला नव्हता, मला मिळालाय —

विश्वजीतनं मारलं तिला. गळा दाबून. त्याच्या आईला ठाऊक होतं. भाचीला ठाऊक —

चौथं बोट. आता अंगठा राहिला —

मावशी, हे तुझ्या हाती लागलं तर आधी माझा गळा बघ. कुणाला झाकू देऊ नको, दादांनाही नको. फोटो काढ, उजेडात. आणि त्या घरचं कुणी येऊन पोरगी जिन्यावरून पडली असं सांगायला लागलं, तर तू सगळ्यांसमोर त्यांना