दिवे लागायच्या आधीची बस

आक्का,

पाया पडते.

आत्तींमधली सासू जागी झाली आहे, कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. हे सकाळी कामावर गेले ते दार आपटून. भावजी खळ्यावर आहेत. आणि मी चुलीवर आमटी ठेवून तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण मला सगळ्यात जास्त राग तुमचा आला आहे आणि तुमच्याशी भांडायचा दुसरा मार्ग राहिलेला नाही.

परवा आम्ही कारवारला समुद्रावरचे दिवे बघायला गेलो होतो. काल परत आलो. झालं एवढंच. पण एवढंच व्हायला काय काय करावं लागलं, ते तुम्हाला ऐकावं लागेल. एकवीस वर्षं तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. घरातलं सगळं तुम्ही ठरवायचा आणि मी 'व्हय आक्का' म्हणायचे. मला काही ठरवायची सवय कुठे होती?

आषाढात तुम्ही गेलात. तेव्हापासून भावजींनी काही मागितलं नाही. वाढलेलं जेवायचे, रानात जायचे, गोठ्यात बसायचे. बायको गेलेला माणूस रडतो, चिडतो, काहीतरी करतो. भावजींचं तेही नाही. दिवाळीत नवीन शर्ट आणला तर म्हणाले, "हाय की जुना." मला वाटायचं, ह्या माणसाच्या आतलं सगळं तुम्ही जाताना घेऊन गेलात की काय?

आणि मग पंधरवड्यापूर्वी, मी भाकरी थापत होते, तर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "कारवारला यंदा बी दिवं लावल्यात म्हणं, समुद्रावर. रामनगरच्या बाजारात बोलत हुती माणसं. जाऊया काय?"

भाकरी करपली, आक्का.

मला वाटलं, ही तुमची इच्छा असणार. तुम्ही कधीतरी बोलला असाल, राहून गेलं असेल आणि आता ते त्यांच्या मनात घोळत असेल. म्हणून मी लगेच म्हटलं, "जाऊया की भावजी." म्हणायला काय जातं? तिथून पुढे माझे हाल सुरू झाले.

पहिल्यांदा बसचं बघितलं. ह्यांनी जोयड्याच्या स्टँडवर जाऊन चौकशी केली. दुपारी जायला बस आहे. पण तिकडून आपल्या बाजूला येणारी शेवटची बस दिवस मावळायच्या आत सुटते. दिवे त्यानंतर लागतात. म्हणजे दिवे बघायला जायचं आणि दिवे लागायच्या आधी निघून यायचं! हे मला म्हणतात, "मग खांब बघून येऊया." अशा वेळी त्यांना चेष्टा सुचते.

मग ह्यांच्या दोस्ताची मोटार ठरली. आदल्या दिवशी त्याचा फोन, मेव्हण्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला जातोय. मग पुढचा रविवार धरला, तर अणशी घाटात लाकडाचा ट्रक आडवा पडला आणि वाट बंद. दर वेळी मी भावजींना जाऊन सांगायचे आणि ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे मग." हे 'ऱ्हाऊ दे' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. तुमचाच शब्द तो.

आणि आत्ती? त्यांचं वेगळंच. "वरीस झालेलं न्हाई घरात. दिवाळीला कंदील लावला न्हाई आणि आता रोषणाई बघाय निघालाय? माणसं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आत्ती, भावजींनी स्वतःहून मागितलंय."

"त्याला काय कळतंय? तुला तरी कळाय पाहिजे."

भावजी पडवीत होते. त्यांनी ऐकलं. उठून गोठ्यात गेले. मी आत्तींच्या समोर तांब्या जरा जोरात ठेवला. तुमच्या देखत माझी अशी हिंमत झाली नसती.

शेवटी ह्यांनी भाड्याची गाडी आणली. तेव्हा आत्तीच म्हणाल्या, "मी बी येतो. म्हातारी संगट हाय म्हटल्यावर कोण काय बोलत न्हाई." बघा, इतके दिवस अडवून धरलं आणि गाडी दारात आल्यावर पहिल्यांदा चढून पुढच्या सीटवर कोण बसलं? त्याच. संध्याकाळची धार काढते असं पलीकडची यल्लव्वा आपणहून म्हणाली होती. रात्री जेवायला घरी, असं ठरलं होतं.

घाट उतरताना आत्तींना दोनदा उलटी झाली. कद्र्याचं धरण मागे टाकून कारवारला पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांना वायरी गुंडाळलेल्या. वाळूत लोखंडी सळ्यांचे सांगाडे उभे केलेले, एक मासा, एक होडी, एक मोर. दिवसाउजेडी नुसत्या सळ्या आणि त्यांना लटकलेले फिकट बल्ब. यासाठी आलो आपण?

तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, आवरा. उजेड हाय तवर घाट चढाय पाहिजे. रात्री गवं येत्यात वाटंवर. धुकं बी हाय."

"अहो, दिवे लागायचेत अजून."

"मी दादाला आदीच सांगितलंय. रातचा घाट मी चढत न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समुद्राकडे बघत होते. ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं, आक्का! ह्यांनी मला सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी ही गाडीही मोडली असती. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. इतके दिवस कुणाकुणाच्या पाया पडून मी हे जमवलं, ते खांब बघायला?

बसले ते भावजी. मासा उभा केला होता त्याच्यासमोर वाळूत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तुमी जावा. मी बसतो."

"रात्रीचा काय करशील रं हितं?" आत्ती म्हणाल्या.

"दिवं बघीन."

त्यांना मी कधी असं अडून बसलेलं बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलं होतं काय?

मी ह्यांना म्हटलं, गाडी जाऊ दे, आपण राहू, सकाळच्या बसनं जाऊ. हे भडकले. सकाळी कामावर कोण जाणार? फोन करून सांगा, म्हटलं. सकाळची धार कोण काढणार? तेव्हा मी यल्लव्वाला फोन लावला. आपल्या घरानं कधी कुणाला असं काही सांगितलंच नाही ना. मी चार वेळा 'तुला त्रास होईल' म्हटलं.

"व्हय की, काढतो," यल्लव्वा म्हणाली. "त्यात काय इचारायचं? शेण बी काढतो. बघून ये जा निवांत."

झालं. एवढंच होतं ते.

ड्रायव्हर गेला. हे लॉज शोधायला गेले, तोंडातल्या तोंडात बडबडत. आत्ती आधी जाते म्हणाल्या, आणि मग राहिल्या, सकाळपर्यंत माझ्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं म्हणून.

अंधार पडला आणि दिवे लागले. सगळे एकदम लागले नाहीत. आधी झाडं, मग होडी, मग मोर. माशाचं डोकं आणि पोट लागलं, शेपूट लागेना. एक माणूस शिडीवर चढून वायर हलवत होता. पोरं ओरडत होती. आत्ती चुरमुरे खात म्हणाल्या, "एवढ्या करंटात आपल्या वाडीला आठ दिस पाणी चढलं असतं." पण नजर काढत नव्हत्या हं.

मी भावजींच्या शेजारी जरा अंतर ठेवून बसले. म्हटलं, "आक्का असत्या तर त्यांना किती बरं वाटलं असतं. त्यांच्या मनात होतं ना हे बघायचं?"

ते माझ्याकडे बघायला लागले. "तिच्या? तिच्या मनात कशाला असंल? मला यायचं हुतं. दरवर्षी मीच म्हणायचो. ती न्हाई म्हणायची."

"का?"

"गुरं कोण बघंल म्हणायची. म्हटलं धाकटीला सांग एक रात. तर म्हणायची, न्हाई, तिला पोरांचं काय कमी हाय काय? तिच्या अंगावर टाकून मी दिवं बघाय जाऊ?"

पोरं माझी कधीच मोठी झाली, आक्का. थोरला हुबळीला नोकरीला लागला. तुमच्या हिशेबात ती अजून पाळण्यातच होती काय?

मग ते म्हणाले, "दुखतंय म्हणून बी सांगितलं न्हाई तिनं. लावणी हुईपत्तर अंगावर काढलं. डोळं पिवळं झालं तवा मला कळलं. मला लई राग येतो तिचा. कुणाला सांगू?"

"मला बी येतो," मी म्हटलं.

आम्ही दोघं एवढंच बोललो. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला, खरं सांगते. आषाढानंतर पहिल्यांदा. तेवढ्यात शेपूट लागलं आणि लगेच गेलं, तर ते हसले.

लॉजच्या खोलीत आत्ती घोरत होत्या आणि मी जागी होते. लावणीच्या त्या दिवसांत मी तुमच्या शेजारच्याच ओळीत होते. चिखलात तुमच्या बरोबरीनं वाकलेली. तुम्ही मध्येच कमरेवर हात ठेवून उभ्या राहायचा. मी विचारलं, "काय झालं आक्का?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई ग, चल." मी चालले. तुम्ही सांगितलंत ते खरं धरलं. आता सांगा, ह्यात तुम्ही मला काय दिलंत? आराम? एक ओळ मी जास्त लावली असती तर मेले नसते. तुम्ही गेलात.

सगळी म्हणतात, थोरलीनं कधी कुणाला काम सांगितलं नाही, सोन्यासारखी बाई. माझ्यासमोरही म्हणतात. मी मान हलवते आणि आतून जळते. तुम्ही मला जपलंत, मान्य आहे. पण एकदा विचारायचं तरी. 'मंगल, दोन दिवस गुरं बघ.' 'मंगल, माझ्या पोटात दुखतंय, मला रामनगरला डॉक्टरकडे घेऊन चल.' मी काय परकी होते?

काल घरी आलो तर गोठा स्वच्छ होता. यल्लव्वानं दूध तापवूनसुद्धा ठेवलं होतं. शेजारच्या बाया जमल्या तेव्हा आत्ती म्हणाल्या, "सुनंनं न्हेलं, मी कुठली जातो?" आणि तेव्हापासून अबोला. असू दे. चार दिवसांनी स्वतःच त्या मोराचं वर्णन करायला लागतील.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते आणि थांबते, आमटी आटत आली. तुमच्या लेकीला, शोभाला, सातवा महिना लागलाय. आज सकाळी तिचा फोन आला होता खानापूरहून. आवाज ओढलेला वाटला. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई काकू, बरी हाय मी. तुमचं सुगीचं चाललंय, तुमी नका धावपळ करू." अगदी तुमचा आवाज.

ह्या वेळेला मी ते खरं धरणार नाही, आक्का. उद्या सकाळच्या बसनं मी खानापूरला जाते. तिला समोर बसवून विचारीन, पुन्हा विचारीन, नाही म्हणाली तरी डॉक्टरकडे नेईन आणि येताना घेऊनच येईन. मळणीचं भावजी बघतो म्हणालेत. मी त्यांना सांगितलं.

तुमचीच धाकटी,
मंगल