ठमीचं आतडं

घोड्यांचा दवाखाना,
मंगळवार, दि. ४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई निम्मंच सांगते, म्हणून दूधगाडीवाल्याबरोबर पत्र पाठवते आहे. तुमची ठमी ऑपरेशन होऊन स्वतःच्या पायांवर उभी आहे. आतड्याला पीळ पडून रक्त अडलं होतं. पोट उघडलं तेव्हा आतडं वांग्यासारखं जांभळं होतं. पीळ सोडवून, गरम फडकी टाकून वाट पाहिली. बरंचसं गुलाबी झालं, उरलेलं कापून टोकं शिवली. शिवणीजवळच्या थोड्या भागाचा मला संशय आहे, तरी तो ठेवला. लीद पडली की जिंकलो.

गाजरं परत पाठवते आहे. तिचं तोंड सध्या बंद आहे, तुमचे लाडही बंद.

तुमची,
धाकटी

घर, बुधवार, दि. ५

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाजरं तुझ्या आईने रागारागाने स्वतःच खाल्ली. ठमीच्या पाठीवर बसून निम्मं गाव घोडेस्वारी शिकलं आणि नाव मात्र माझं झालं. तिच्याशिवाय तबेल्यात करमत नाही. जेवत जा.

तुझे,
बाबा

दवाखाना, गुरुवार, दि. ६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लपवत नाही. लीद नाही. पोटाला नळी लावून ऐकते तर आत सामसूम. तो संशयाचा भाग दगावला असेल तर पोट पुन्हा उघडावं लागेल, आणि या वयात ती त्यातून उठेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोठ्या सर्जनबाई म्हणतात, मालकाला विचार. पुन्हा उघडू, की शांतपणे निजवू? परतीच्या गाडीने कळवा.

तुमची,
धाकटी

घर, गुरुवार

चि. धाकटीस,

पुन्हा कापू नकोस. सकाळी निजव. मी येत नाही, मला पाहून ती उगाच पाय झाडेल. डाव्या कानामागे खाजवलेलं तिला आवडतं. यात तुझा काडीचा दोष नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तू जन्मभर मनाला लावून घेशील.

बाबा

दवाखाना, शुक्रवार, दि. ७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून पोटभर रडले आणि ते खिशात ठेवलं. सकाळी कान खाजवला, पण इंजेक्शन भरायला हात उचलवेना. ताप नव्हता, हिरड्या गुलाबी होत्या. दुपारपर्यंत थांबू या, असं मी सर्जनबाईंना म्हटलं. मालकाचा निरोप आलाय ना, असं त्यांनी विचारलं. आलाय, पण घोडी अजून उभी आहे, असं मी सांगितलं.

बाबा, दुपारी तिने लीद टाकली! थेट माझ्या बुटावर. थोडीशीच आणि पातळ, पण अख्खा दवाखाना बघायला लोटला. आता पोटात छान गुरगुर चालू आहे. अजून काही दिवस जपायचं आहे, पण मी आज निवांत झोपणार.

आयुष्यात पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही. माफ करा.

तुमची,
धाकटी

घर, शनिवार, दि. ८

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, ठमीलाही.

पहिल्यांदाच? मी नको म्हणताना घोड्यांची डॉक्टर झालीस. नको म्हणताना त्या शिंप्याच्या पोराशी लग्न केलंस. आज तो जावई मला लेकापेक्षा जवळचा आहे, हे त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

काल तिचा लगाम खुंटीवरून काढून गुंडाळून ठेवला होता. तुझं पत्र वाचलं आणि परत टांगला. तुझ्या आईने माझे डोळे पाहिले आणि पदर पुढे केला. मी चुकलो होतो, पोरी. तू माझं ऐकलं असतंस तर आज ठमी नसती.

माझा लोभ आहेच. माझं न ऐकायची तुझी खोडही अशीच राहू दे.

तुझे,
बाबा