कोरा ठेवलेला चेहरा

सोमवार, ३
लागली एकदाची नोकरी! चित्रकथांच्या कचेरीत, चित्रांवर शाई चढवायची. पेन्सिलीनं चित्रं काढणाऱ्या काकांना सगळे खोडरबर म्हणतात, कारण काढण्यापेक्षा खोडतातच जास्त. आमचा नायक मुखवटेवाला. कायद्याच्या हातून निसटलेल्यांना शोधून बडवतो. लहानपणी दादाच्या दप्तरातले अंक मी चोरून वाचायचे. दादा म्हणाला, आता तरी ते परत कर.

गुरुवार, ६
इथली एक पद्धत मजेशीर आहे. वाचक आपल्याला छळणाऱ्याचा फोटो पाठवतात, संपादकबाई एक निवडतात आणि खलनायकाला तोच चेहरा द्यायचा. काका ती जागा कोरी सोडतात. फोटो बघून मी भरायची. आज एक घरमालक भरला. नाक असं जमलं की काकांनी चक्क रबर खाली ठेवलं.

मंगळवार, ११
घोळ झाला. खोट्या औषधांनी लेकरं मारणाऱ्याचा फोटो होता, त्यावर शाईची बाटली लवंडली. नवी नोकरी, सांगणार कुणाला? पानं घरी आणली. दादाला खुर्चीवर बसवलं, डोळे वटारायला लावले. त्याला हसूच आवरेना. शेवटी जमलं एकदाचं. संपादकबाई खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवार, १७
घरमालकाचा अंक शुक्रवारी बाजारात आला. काल चौघा मुखवटेवाल्यांनी त्याला, खऱ्याखुऱ्या माणसाला, त्याच्याच जिन्यात गाठलं. दोन्ही हात मोडले, आमच्या चौथ्या चौकटीत मोडलेत तसेच. कचेरीत टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बरी अद्दल घडली असंच वाटलं मला, खोटं कशाला लिहू? मग जेवायला डबा उघडला आणि खुर्चीवर हसणारा दादा डोळ्यांपुढे आला. डबा तसाच बंद केला.

मंगळवार, १८
सगळं कबूल केलं. संपादकबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, अंक छापून झाला, सोबत पुठ्ठ्याचा मुखवटाही फुकट आहे, मागणी तिप्पट. चूक झाली म्हटलं तर आधीच्या चेहऱ्यांवरही लोक शंका घेतील. काका मान खाली घालून खोडत राहिले.

शुक्रवार, २१
अंक आला. दादाला सांगितलं. तो म्हणाला, वीस वर्षं या गल्लीत सायकली दुरुस्त करतोय, मला काय लोक ओळखत नाहीत? रागावला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, २२
दुकानाच्या दारावर अंकाचं शेवटचं पान चिकटवलंय. दुधवाला दूध न घालताच गेला. पोलीस म्हणाले, चेहरा तर तुमच्या भावाचाच आहे की. गाव सोडायला निघालो — गाडीवाल्यानं दादाकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.

रविवार, २३
भर दुपारी आले. चाळीसेक. सगळे मुखवट्यात. दार धडधडतंय —

अंकासोबत आलेला मुखवटा दादाला बांधला. मागच्या दारानं जा म्हटलं, त्यांच्यातच मिसळ, कोण ओळखतंय? माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

खिडकीतून बघतेय. निभावलं. यातला दादा कोणता, मलाही कळत नाही —

कुणीतरी ओरडलं, मागचं दार उघडं आहे. तो आपल्यातच घुसलाय, मुखवटे काढा.

काढतायत. एकेक. दुधवाला. समोरच्या वहिनी. दादाला शाळेत शिकवणारे मास्तर —

खोडरबरकाका. हातात सळई —

तिघंच उरलेत. एक माझ्या खिडकीकडे बघतोय. इकडे नको रे दादा, खाली बघ, सगळे वळून —