मागचा डावा कोपरा

दादा,

आई आणि मी गाडी घेऊन निघालोय. चपला घालायला वर आलेय, तेवढ्यात लिहितेय. गाडी विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला आज येऊ नका म्हणून कळव. दोष सापडेपर्यंत ती विकणं मला बरोबर वाटत नाही.

मागच्या डाव्या चाकावर स्प्रिंगऐवजी गाडी तोलून धरणारी हवेची पिशवी गळतेय, असं मेकॅनिककाका म्हणाले होते. मी साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा आला नाही. मग पिशवीत हवा भरणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून चार दिवस टेपने उंची मोजली. सकाळी पावणेनऊला तो कोपरा चार सेंटिमीटर खाली बसतो आणि सव्वानऊला पुन्हा वर येतो. गळती असती तर पंपाशिवाय तो वर आलाच नसता. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "पोरी, या नटाचा पाना माझ्याकडे नाही."

मागच्या सीटवर डावीकडे, बाबांच्या जागी, पाण्याचे कॅन ठेवून पाहिले. चार सेंटिमीटर खाली बसायला एकसष्ट किलो लागतात. बाबा होते तेव्हा त्यांना याच गाडीतून डायलिसिसला न्यायला अर्धा तास लागायचा. त्यांचं शेवटचं वजन फाइलमध्ये असेल. मी फाइल उघडलेली नाही.

आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तरी आज पावणेनऊ वाजत आले तशी ती स्वतःच चावी घेऊन खाली आली. "तू जे काय काढलंयस ते लाव आधी, उशीर होतोय," म्हणाली. मी फ्यूज लावला. तिने मागचं डावं दार उघडून धरलं, जरा थांबली, मग हलकेच लावलं.

"तू पुढे बस गं," म्हणाली.