विक्रांतचा उजवा कान

४ ऑगस्ट, सोमवार
आज पहिल्यांदा वेल्डिंगची रेघ सरळ आली. पोवार सरांनी पत्रा उलटापालटा करून बघितला, परत करायला लावला नाही. म्हणजे बरा असणार. आयटीआयच्या वेल्डिंग बॅचमध्ये मुलगी मी एकटीच. शेजारच्या टेबलावरचा विक्रांत, कागलचा, म्हणाला, सासूला गेट करून दे आता. सगळे हसले. मी पण हसले. आता घरी आल्यावर राग यायलाय, त्याच्यापेक्षा माझाच जास्त.
शिकायला आत्याकडं राहते. ती म्हणते डोळे लाल दिसतात, बटाटा ठेव. ठेवला.

७ ऑगस्ट, गुरुवार
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर गेलं खड्ड्यात.
पाणी प्यायला हातमोजे काढले होते. विक्रांतनं हाक मारली, शुभे, धर की जरा, आणि वेल्डिंग झालेला पत्रा सांडशीतनं सरळ माझ्या तळहातावर सोडला. पत्रा लाल असता तर कळलं असतं. थंड पडल्यासारखा काळा दिसत होता. झटकला तर कातडी त्यालाच चिकटून गेली. वास आला. थोड्या वेळानं समजलं, वास माझाच.
तो म्हणायला लागला, चेष्टा केलती. सरांनी सगळ्यांसमोर त्याला दोन मुस्काटात दिल्या, मग माझा हात नळाखाली धरला. वर मलाच विचारलं, मोजे कुणी काढाय सांगिटलते?
डॉक्टर म्हणाले, मूठ नीट मिटायला वेळ लागेल.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. सचिनदादा राधानगरीहून त्याची दूधगाडी घेऊन आला. गाठ आत्यानं मारली, मी नुसता धागा धरला. हाताला काय झालं म्हणाला. चहाचं पातेलं उलटलं म्हणून सांगितलं. त्याला पटलं नाही. जेवला, गेला.
दादाला खरं सांगायचं नाही. गेल्या साली बांधावरनं चुलत्याचा हात मोडलाय त्यानं. आईनं तेव्हापासून त्याच्यासमोर मोठ्यानं बोलणं सोडलंय.

११ ऑगस्ट, सोमवार
झालं ते लिहून काढते.
सर म्हणाले होते, हात बरा होईस्तोवर नुसती बघत बस. बसले होते. सुट्टीत विक्रांत तोच पत्रा घेऊन आला. फेकला नव्हता. माझी वाळलेली कातडी अजून त्यावर. पोरांना दाखवत म्हणाला, "शुभीचा हात. देव्हाऱ्यात ठेवतो."
सांडशी माझ्या डाव्या हातात आली. पहिली त्याच्या उजव्या कानावर बसली. तो टेबलावर आपटला. दुसरी खांद्यावर. तिसरी उचलली होती तेवढ्यात सरांनी मला कमरेतनं धरून मागं ओढलं. त्याच्या कानातनं रक्त, कॉलरवर.
बरं वाटलं. हे कुणाला सांगणार नाही. तेवढा वेळ हाताची आग थांबली होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार
पोलीस चौकी. विक्रांतचे आईवडील कागलहून आलेले, बाबा गावाकडनं. हवालदार त्याच्या वडिलांना म्हणाला, पोरीनं मारलं म्हणून लिहून घिऊ व्हय? वडिलांनी मान खाली घातली. तक्रार नको म्हणाले. आमचीपण नको, बाबा म्हणाले. झालं मिटलं.
त्याची आई बारकी, वाळकी बाई. माझी पट्टी सुटलेली तिनं बघितली, जवळ येऊन बांधली आणि परत जाऊन नवऱ्याशेजारी बसली. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
प्राचार्यांनी दोघांना आठवडाभर बंदी घातली. बाबा म्हणाले, बास झालं शिकणं, घरला चल. मी येत न्हाय म्हणाले. चौकीच्या दारातच त्यांनी थोबाडीत दिली. मी तरी नाहीच म्हणाले. मग एकटेच गेले, चहापण न घेता. जाताना एवढंच बोलले, सच्याला कळू द्यायचं न्हाय.

२० ऑगस्ट, बुधवार
दोघं परत वर्कशॉपात. त्याच्या कानात कापूस. सरांनी उजव्या बाजूनं हाक मारली तर तो डावीकडं बघायला लागला. कुणी हसलं नाही.
कानाचा पडदा फाटलाय. आपोआप भरेल किंवा ऑपरेशन. बॅचमधल्या एकानं सांगितलं, विक्रांत सैन्यभरतीची तयारी करत होता, रोज पहाटे पळायचा, आयटीआय नुसतं मधल्या काळापुरतं. आता मेडिकलला बाद करतील.
माझी मूठ मिटत नाही. वेल्डिंगचा होल्डर हलतो, रेघ सापासारखी. दिवसभर दोघांची टेबलं शेजारीशेजारी. एकदा त्यानं न मागता रॉडचं पाकीट माझ्याकडं सरकवलं. घेतलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
दादाला मारला. दूध पोचवून परत निघताना विक्रांतच्या चार दोस्तांनी गाडी अडवली, हॉकी स्टिकनं बडवला. दोन बरगड्या मोडल्या, पुढचे दात गेले. मारता मारता त्यालाच सांगितलं, तुझ्या भनीनं आमच्या दोस्ताचा कान फोडलाय. म्हणजे दादाला कळलं ते असं.
दवाखान्यात तो माझ्याकडं बघेना. माझा उजवा हात उघडून तळहात बघितला. बराच वेळ.
विक्रांत म्हणतो, मला म्हाईतच नव्हतं. खरं असेल. मला काय करायचंय खऱ्याचं.

२४ ऑगस्ट, रविवार
कागलच्या बसमध्ये लिहितेय. दुसरं काही सुचत नाही.
दादाला काल आत्याकडं आणलं. सकाळी विचारलं, कागलात ऱ्हातो कुठं त्यो? मी सांगितलं नाही. आत्यानं समजावलं, तो हो हो म्हणाला. दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात गेला. बरगडीला पट्टा बांधलेला, तसाच मित्राच्या गाडीवरनं. दूधगाडीतली टॉमी, चाकं खोलायची लोखंडी कांब, घेऊन गेलाय. पत्ता कुणी दिला माहीत नाही. फोन बंद.
बॅचच्या ग्रुपवरनं नंबर काढून विक्रांतला फोन लावला.
"दादा यायलाय तुज्याकडं. घरात थांबू नको."
तो म्हणाला, "मला का सांगतीस?"
"कान मी फोडलाय. त्येचं काय असंल ते माझ्याकडं माग. दादाला हात लावू नका, आन् तू पन त्येच्या हाताला लागू नको."
"मी रानात हाय," तो म्हणाला. "घरात आई एकटीच हाय."
आणि पळायला लागला असणार. नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन कटला.
आत्या बाबांना फोन लावत बसलीय. मी चपलासुद्धा तिच्याच घालून आलेय. मगाशी पोलिसांचा ११२ लावला. बाईनं गाव विचारलं, सांगितलं. मारायला कोण निघालंय, नाव सांगा म्हणाली. फोन कापला मी.
आता त्यांचाच फोन परत येतोय. वाजतोय. शेजारची बाई म्हणते, उचल की गं.